छोट्या वेब ॲपमध्ये फेव्हिकॉनची रिक्वेस्ट कशी हाताळायची

नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) पहिला सर्व्हर लिहिताना बरेच जण गंमत म्हणून एक काउंटर लावतात: पान उघडलं की आकडा एकाने वाढला पाहिजे. ब्राउझरमध्ये पान उघडतात आणि आकडा दोनने वाढतो. मग शोधाशोध सुरू होते. फंक्शन दोनदा का चालतंय? कुठे लूप राहिलाय का? कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. पान मागून झाल्यावर ब्राउझरने स्वतःहून आणखी एक फाइल मागितलेली असते. टॅबवर शीर्षकाशेजारी दिसणारं ते चिमुकलं चित्र, म्हणजेच फेव्हिकॉन. नोडच्या साध्या सर्व्हरमध्ये प्रत्येक रिक्वेस्ट एकाच फंक्शनकडे येते, म्हणून हीसुद्धा मोजली जाते.

ही प्रथा १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासूनची. तेव्हा पान 'फेव्हरिट्स'मध्ये टाकलं की ब्राउझर साइटच्या मुळाशी, म्हणजे डोमेनपुढच्या पहिल्याच तिरक्या रेघेनंतर, ठरावीक नावाची आयकॉन फाइल आहे का ते बघायचा. पुढे बाकीच्या ब्राउझरांनीही ती सवय उचलली, आणि फेव्हरिट्समध्ये टाकायची वाट न बघता ते पान उघडतानाच फाइल मागू लागले. आता एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच ही मुभा आहे: पानात आयकॉनचा लिंक टॅग नसेल तर ब्राउझर मुळाशी असलेली फेव्हिकॉन.आयसीओ मागू शकतो.

तुमच्या ॲपच्या दृष्टीने ही इतर कुठल्याही गेट (म्हणजे काही मागणाऱ्या) रिक्वेस्टसारखीच एक रिक्वेस्ट. तीही तुमच्या सेशनमधून जाते, लॉगिनच्या तपासणीत अडकते, डेटाबेसपर्यंत पोहोचते. म्हणून तिचं उत्तर या सगळ्याच्या अलीकडे, पहिल्याच टप्प्यावर देऊन मोकळं व्हायचं. हे जमलं की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

या लेखात फाइलींची, हेडरची आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत जातील, आणि फाइलचं नाव पूर्ण लहान अक्षरांत ठेवा. लिनक्सवर लहान-मोठं अक्षर बदललं की फाइल वेगळी ठरते.

हाताशी काय हवं

- सर्व्हरचा लॉग, ज्यात प्रत्येक रिक्वेस्टचा पत्ता आणि स्टेटस कोड दिसतो
- कर्ल, म्हणजे टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणारी कमांड
- ब्राउझरची खासगी विंडो, आणि जमल्यास दुसरा एखादा ब्राउझर
- लोगोची मूळ फाइल, शक्यतो एसव्हीजी. नसेल तर मोठी चौकोनी पीएनजी
- आयसीओ बनवण्यासाठी इमेजमॅजिक किंवा गिंप
- ॲपमधल्या राउटची (कुठल्या पत्त्याला कोणता कोड उत्तर देतो) आणि मिडलवेअरची (उत्तराआधी प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड) यादी, ज्या क्रमाने ती चालतात त्याच क्रमाने

शेवटची गोष्ट बहुतेकांकडे नसते. कागदावर लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. चौथ्या पायरीपासून पुढे तिचीच गरज पडते.

१. आधी रिक्वेस्ट डोळ्यांनी बघा

सर्व्हर सुरू करा आणि खासगी विंडोमध्ये मुखपृष्ठ उघडा. लॉगमध्ये साधारण असं दिसेल:

गेट / – २००
गेट /फेव्हिकॉन.आयसीओ – ४०४

२०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही. आता तेच पान कर्लने मागवा. या वेळी एकच ओळ येईल, कारण कर्ल सांगितलं तेवढंच आणतो, त्याला टॅबही नाही आणि आयकॉनही नको. ब्राउझरने दोन आणि कर्लने एक, असं झालं तर तुमचा काउंटर बरोबर आहे आणि दुसरी रिक्वेस्ट आयकॉनचीच आहे, याची खात्री पटते.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्सवर इथे फार विसंबू नका. आयकॉनची रिक्वेस्ट प्रत्येक ब्राउझर नेटवर्कच्या यादीत दाखवेलच असं नाही, आणि आयकॉन कॅशमधून (ब्राउझरने आधी साठवलेल्या प्रतीतून) आला तर रिक्वेस्ट जातच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये जे आहे तेच खरं.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. जेसन परत करणारा पत्ता तुम्ही ब्राउझरमध्ये थेट उघडलात तरीही आयकॉन मागितला जाऊ शकतो. तिथे एचटीएमएल नाही, म्हणजे हेड नाही, म्हणजे लिंक टॅगही नाही. त्यामुळे 'माझं ॲप म्हणजे नुसती एपीआय आहे, मला याच्याशी काय करायचंय' असं म्हणून सुटका होत नाही.

२. चित्र द्यायचं की नाही, ते ठरवा

आयकॉन तयार नाही म्हणून हे काम अडवून ठेवू नका. मार्ग तीन आहेत.

पहिला, खरा आयकॉन द्यायचा. माणसं वापरणार असतील त्या ॲपसाठी हाच. वीस टॅब उघडे असताना शीर्षक दिसतच नाही, आयकॉनवरूनच टॅब सापडतो.

दुसरा, २०४ द्यायचा. म्हणजे 'रिक्वेस्ट पोचली, पाठवण्यासारखं काही नाही'. अंतर्गत एपीआय, सरावाचे प्रकल्प, तात्पुरते डेमो यांना हे पुरतं. २०४ च्या उत्तरात मजकूर नसतो, त्यामुळे कंटेंट-टाइप (उत्तरात काय प्रकारचा मजकूर आहे ते सांगणारं हेडर) वगैरे भरत बसायची गरज नाही.

तिसरा, रिक्वेस्ट येऊच द्यायची नाही. पानाच्या हेडमध्ये आयकॉनचा लिंक टॅग घालून त्याच्या एचरेफमध्ये 'डेटा', मग अपूर्णविराम (कोलन), मग स्वल्पविराम, एवढंच लिहायचं. हा एक रिकामा डेटा-पत्ता होतो. ब्राउझरला आयकॉन 'मिळतो' आणि तो सर्व्हरकडे येत नाही. युक्ती छान आहे, पण ती फक्त एचटीएमएल पानांवर चालते; जेसनचा पत्ता उघडला की रिक्वेस्ट पुन्हा हजर.

आणि ४०४? ते चूक नाही. फाइल नाही तर नाही म्हणणं हे प्रामाणिक उत्तर आहे. अडचण होते ती तुमचं ४०४ चं पान भारी असतं तेव्हा: त्यात पूर्ण लेआउट, वरचा मेन्यू, लॉगिन केलेल्याचं नाव, त्यासाठी डेटाबेसच्या दोन क्वेरी. एका चिमुकल्या चित्रापायी एवढं सगळं चालतं, आणि जे तयार होतं ते कुणी बघतही नाही.

३. फाइल तयार करा

इथे लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. वीस-पंचवीस आकारांची चित्रं तयार करून देणारी साधनं आहेत, त्यातलं बरंचसं लहान ॲपला लागत नाही. माझ्या मते एवढं पुरे:

- फेव्हिकॉन.आयसीओ, ज्यात १६, ३२ आणि ४८ पिक्सेलची चित्रं एकत्र असतील
- एक एसव्हीजी, नव्या ब्राउझरांसाठी
- १८० पिक्सेलची चौकोनी पीएनजी, आयफोनच्या होम स्क्रीनसाठी

होम स्क्रीनवर ॲपसारखं बसवता यावं असं वाटत असेल तर मॅनिफेस्टसाठी (ॲपचं नाव, आयकॉन सांगणाऱ्या फाइलसाठी) १९२ आणि ५१२ पिक्सेलच्या पीएनजी आणखी. नाहीतर नको.

आयसीओ म्हणजे एका फाइलमध्ये अनेक आकारांची चित्रं ठेवण्याची सोय. इमेजमॅजिकमध्ये आयकॉनच्या 'ऑटो-रिसाइझ' पर्यायाला १६, ३२, ४८ हे आकडे दिले की एकाच कमांडमध्ये फाइल तयार होते. आत चित्रं पूर्ण रंगांत आणि न दाबता ठेवली तर नुसत्या १६ पिक्सेलच्या फाइलचं वजन बरोबर १,१५० बाइट भरतं, आणि तिन्ही आकारांच्या फाइलचं १५,०८६. तुमची फाइल शेकडो किलोबाइटची झाली असेल तर आत कुठेतरी २५६ पिक्सेलचं न दाबलेलं चित्र शिरलेलं असणार. टॅबसाठी त्याचा काही उपयोग नाही.

पीएनजीचं नुसतं नाव बदलून आयसीओ करायचा मोह होतो. बरेच ब्राउझर तेही चालवून घेतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. खरी फाइल ओळखायची तर पहिले चार बाइट बघा: आयसीओमध्ये ते ०० ०० ०१ ०० असतात. लिनक्स आणि मॅकवर 'फाइल' ही कमांडसुद्धा लगेच सांगते.

१६ पिक्सेलमध्ये लोगोचं पूर्ण नाव वाचता येत नाही, हे डिझायनरला आधीच सांगा. एक अक्षर किंवा एक आकार, बस. आणि गडद थीमवर काळा आयकॉन गायब होतो, तेव्हा दोन्ही पार्श्वभूमींवर बघून घ्या. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये एसव्हीजीच्या आतच मीडिया क्वेरी लिहून गडद थीमसाठी वेगळा रंग देता येतो.

४. उत्तर सगळ्यात आधी द्या

आता ती मिडलवेअरची यादी घ्या. आयकॉनचं उत्तर सेशनच्या वर, लॉगिनच्या वर, रिक्वेस्ट-मर्यादेच्या वर आणि लॉग भरू नये असं वाटत असेल तर लॉगरच्याही वर असायला हवं.

*नोड, फ्रेमवर्कशिवाय.* फंक्शनच्या पहिल्याच ओळीत पत्ता तपासा. आयकॉनचा असेल तर उत्तर देऊन बाहेर पडा. इथे दोन सापळे आहेत. एक, उत्तर 'एंड' न करता नुसतं 'रिटर्न' करणं. फंक्शन संपतं, पण ब्राउझर उत्तराची वाट बघत राहतो आणि कनेक्शन अडकून पडतं. दुसरा जास्त छुपा आहे: नोडमध्ये रिक्वेस्टच्या 'यूआरएल'मध्ये प्रश्नचिन्हापुढचा भागही येतो. पुढे कधीतरी तुम्ही आयकॉनच्या पत्त्याला 'व्ही=२' जोडाल आणि बरोबरीची तुलना फसेल. तुलना करायची ती फक्त पाथची.

*एक्सप्रेस (नोडचं फ्रेमवर्क).* इथे सगळं नोंदवलेल्या क्रमाने चालतं. आयकॉन 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवला असेल तर स्टॅटिक मिडलवेअर सेशनच्या आधी लावा, एवढंच पुरतं. 'सर्व्ह-फेव्हिकॉन' नावाचं वेगळं पॅकेजही आहे, ते फाइल मेमरीत ठेवतं. पण त्याची कॅशची मुदत काही न सांगता एक वर्षाची असते, हे ध्यानात ठेवा. आयकॉन अजून बदलायचा असेल तर ती स्वतः कमी करून घ्या.

*फ्लास्क (पायथनचं फ्रेमवर्क).* स्टॅटिक फोल्डर '/स्टॅटिक/' या पत्त्याखाली मिळतो, मुळाशी नाही. म्हणून फोल्डरमध्ये फाइल टाकूनही ४०४ येतच राहतो आणि माणूस चक्रावतो. मुळाच्या पत्त्यासाठी वेगळा राउट लिहा आणि त्यातून 'सेंड फ्रॉम डिरेक्टरी'ने फाइल द्या.

*जँगो (हेही पायथनचं).* मुळाच्या पत्त्यावरून स्टॅटिक फाइलकडे रिडायरेक्ट करणारा एक पाथ बहुतेकांना पुरतो. तो कायमचा, म्हणजे ३०१, ठेवू नका. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, आणि उद्या स्टॅटिकचा पत्ता बदलला तर जुन्याच जागी जाऊन आपटतो.

कंटेंट-टाइप काय द्यायचा यावर उगाच वाद होतात. नोंदणीकृत नाव 'इमेज/व्हीएनडी.मायक्रोसॉफ्ट.आयकॉन' हे आहे, प्रचारात 'इमेज/एक्स-आयकॉन' जास्त दिसतं. दोन्ही चालतात. 'टेक्स्ट/एचटीएमएल' मात्र दिसला तर थांबा, तो पुढच्या पायरीचा विषय आहे.

५. सगळं गिळणारे राउट शोधा

मुळाशीच बदलता भाग असलेला राउट, म्हणजे '/कोणतंही-नाव' अशा थाटाचा, तुमच्याकडे असेल तर तो आयकॉनची रिक्वेस्टही गिळतो. लिंक छोटी करणारं ॲप, सदस्यांची प्रोफाइल, ब्लॉगचे लेख, सगळीकडे हा राउट असतो.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. मोंगूसमध्ये (नोडमधून मोंगोडीबी डेटाबेस वापरायची लायब्ररी) 'फेव्हिकॉन.आयसीओ या किमतीचं ऑब्जेक्ट-आयडीत रूपांतर झालं नाही' अशा अर्थाची एरर येते. आयडी आकडा असायला हवा असेल तर पायथनमध्ये व्हॅल्यू-एरर उडते आणि ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, जातो. एक्सप्रेसमध्ये नावावरून टेम्पलेट उघडत असाल तर 'आयसीओ हे मॉड्यूल सापडलं नाही' अशी तक्रार येते, कारण एक्स्टेन्शनवरून टेम्पलेट इंजिन शोधलं जातं. सगळ्यात मजेशीर प्रकार कामांच्या यादीच्या ॲपमध्ये होतो: पत्त्यात जे नाव येईल त्या नावाची यादी नसेल तर नवी तयार करायची, असा राउट असतो. मग डेटाबेसमध्ये 'घर', 'ऑफिस' आणि त्यांच्या जोडीला 'फेव्हिकॉन.आयसीओ' नावाची रिकामी यादी, जी पुसली तरी पुन्हा उगवते. (नुसतं पान बघितलं म्हणून डेटाबेसमध्ये नोंद होऊ देणं हा मुळातला दोष. गेटने काही तयार करू नये. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

एक्सप्रेस आणि जँगोमध्ये आयकॉनचा राउट या राउटच्या वर हवा, कारण तिथे पहिला जुळणारा जिंकतो. फ्लास्कमध्ये ठाम पत्ता बदलत्या पत्त्यापेक्षा आपोआप वरचढ ठरतो, क्रम कसाही असो. सदस्यांना मुळाशीच स्वतःचं नाव घेऊ देत असाल तर राखीव नावांची यादीही ठेवा: फेव्हिकॉन.आयसीओ, रोबोट्स.टीएक्सटी, लॉगिन वगैरे.

एकपानी ॲपमध्ये हाच प्रकार उलट्या बाजूने होतो. न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला इंडेक्स.एचटीएमएल द्यायचं, असा नियम असतो. आयकॉन नसेल तर आयकॉनच्या पत्त्यालाही तेच पान जातं, तेही २०० सह. लॉग स्वच्छ, टॅबवर मात्र काही नाही. लॉगमध्ये २०० आहे म्हणून आयकॉन जातोय असं समजू नका. उत्तराचा कंटेंट-टाइप बघा. फाइलसारखं एक्स्टेन्शन असलेले पत्ते या नियमातून वगळलेत की प्रश्न मिटतो.

६. लॉगिननंतर माणूस आयकॉनवर जाऊन आदळत नाही ना, ते बघा

हा दोष वापरणाऱ्याला दिसतो, लिहिणाऱ्याला दिसत नाही. म्हणून थोडं सावकाश.

लॉगिन न केलेली व्यक्ती '/अहवाल/५' हा पत्ता उघडते. तुमचं मिडलवेअर म्हणतं, आधी लॉगिन करा. परत कुठे यायचं ते सेशनमध्ये साठवतं, '/अहवाल/५', आणि लॉगिनच्या पानाकडे रिडायरेक्ट करतं. लॉगिनचं पान उघडतं. आता ब्राउझर आयकॉन मागतो. तीही रिक्वेस्ट त्याच मिडलवेअरमधून जाते. लॉगिन नाही, म्हणून परतीचा पत्ता साठवला जातो, या वेळी '/फेव्हिकॉन.आयसीओ', आणि आधीचा पुसला जातो. व्यक्ती नाव-पासवर्ड टाकते, बटण दाबते, आणि रिकाम्या पानावर एक बारीकसं चित्र दिसतं. फाइल नसेल तर ४०४.

तक्रार येते, 'लॉगिन केल्यावर कधीकधी भलतंच पान उघडतं'. तुम्ही करून बघता, तुमच्याकडे सगळं ठीक. कारण तुमच्या ब्राउझरकडे आयकॉन कॅशमध्ये आहे, तो मागतच नाही. खासगी विंडोमध्ये मात्र हे घडवून आणता येतं.

उपाय दोन, आणि मी दोन्ही करायला सांगेन. चौथ्या पायरीप्रमाणे आयकॉन लॉगिनच्या अलीकडे ठेवा. शिवाय परतीचा पत्ता साठवतानाच चाळणी लावा: रिक्वेस्ट गेट आहे का, आणि तिच्या 'ॲक्सेप्ट' हेडरमध्ये 'टेक्स्ट/एचटीएमएल' आहे का. माणसाने पान उघडलं की ब्राउझर हे हेडर तसं पाठवतो. चित्र मागताना पाठवत नाही. नवे ब्राउझर 'सेक-फेच-डेस्ट' हेही हेडर देतात, त्यात पानासाठी 'डॉक्युमेंट' असतं. नुसतं आयकॉनचं नाव वगळून भागवू नका, कारण जावास्क्रिप्टने मागे चालवलेल्या रिक्वेस्टसुद्धा असाच परतीचा पत्ता बिघडवतात.

याच्याच पोटातला आणखी एक प्रकार. सेशन प्रत्येक रिक्वेस्टला तयार होत असेल, तर कुकी न स्वीकारणाऱ्या ब्राउझरकडून आयकॉनसाठीही नवं सेशन बनतं. आणि एकदाच दाखवायचा संदेश, 'तुमची माहिती जतन झाली' असा, ४०४ चं पूर्ण पान तयार होताना वापरला जाऊन नाहीसा होतो. आयकॉनच्या उत्तरासोबत 'सेट-कुकी' हेडर जातंय असं दिसलं तर क्रम अजून चुकीचा आहे.

७. लिंक टॅग लिहा, पण मुळापासूनचा पत्ता देऊन

हेडमध्ये आयसीओसाठी एक, एसव्हीजीसाठी एक असे लिंक टॅग द्या. 'रेल'मध्ये नुसतं 'आयकॉन' पुरतं. आधी 'शॉर्टकट' लिहायची पद्धत जुनी आहे, आता तिची गरज नाही. आयफोनच्या चित्रासाठी 'ॲपल-टच-आयकॉन'.

नेहमीचा घोळ पत्त्यात होतो. सुरुवातीला तिरकी रेघ न देता नुसतं फाइलचं नाव लिहिलं की मुखपृष्ठावर आयकॉन दिसतो आणि '/सदस्य/१२' या पानावर दिसत नाही, कारण ब्राउझर तो '/सदस्य/' खाली शोधतो.

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानात कुठून काय आणता येईल ते ठरवणारं हेडर) लावली असेल तर आयकॉनवर 'आयएमजी-एसआरसी'चा नियम चालतो. आयकॉन वेगळ्या डोमेनवरून देत असाल तर ते डोमेन तिथे नोंदवा.

टॅग लिहिला तरी मुळाच्या पत्त्यावरची फाइल काढू नका. पहिल्या पायरीतला जेसनचा प्रकार आहेच, शिवाय फीड वाचणारी आणि बुकमार्क ठेवणारी अनेक साधनं थेट मुळाशीच बघतात.

८. कॅशशी भांडू नका

ब्राउझर आयकॉनसाठी स्वतंत्र साठा ठेवतात; फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये तर फेव्हिकॉनची वेगळी एसक्यूलाइट फाइलच असते. म्हणून पान जोर लावून रिफ्रेश केलं तरी जुना आयकॉन तसाच दिसत राहतो. आयकॉनचा पत्ता टॅबमध्ये थेट उघडून तो रिफ्रेश करून बघा. ते नाही चाललं तर लिंक टॅगमधल्या पत्त्याला 'व्ही=२' जोडा किंवा फाइलचं नाव बदला. नवा पत्ता म्हणजे ब्राउझरसाठी नवी फाइल.

नव्या प्रकल्पात आधीच्याच प्रकल्पाचा आयकॉन दिसतो, तोही यामुळेच. दोन्ही लोकलहोस्टच्या एकाच पोर्टवर चालले, ब्राउझरच्या लेखी साइट एकच.

मुदत किती द्यायची? मुळाच्या फाइलला आवृत्ती जोडता येत नाही, म्हणून तिला एक दिवस ते एक आठवडा. 'मॅक्स-एज'मध्ये ८६४०० ते ६०४८००. नावात आवृत्ती असलेल्या फाइलींना खुशाल वर्ष द्या. २०४ देत असाल तर त्यालाही मुदत द्या, नाहीतर ब्राउझर पुन्हा पुन्हा विचारत राहण्याची शक्यता असते.

९. ॲपच्या पुढे प्रॉक्सी (रिक्वेस्ट आधी घेऊन ॲपकडे पाठवणारा सर्व्हर) असेल तर

प्रॉक्सी एनजिनएक्स असेल तर ही रिक्वेस्ट ॲपपर्यंत येऊच देऊ नका. लोकेशनपुढे बरोबरीचं चिन्ह देऊन नेमका हाच पत्ता पकडा, फाइल तिथूनच द्या, 'ॲक्सेस लॉग' आणि 'लॉग नॉट फाउंड' बंद करा. चार ओळींचं काम.

ॲप मुळाशी न चालता '/ॲप/' अशा उपपत्त्याखाली असेल तर ब्राउझर आपणहून मागेल तो आयकॉन डोमेनच्या मुळाशी, म्हणजे तुमच्या ॲपच्या बाहेर. तिथे दुसऱ्याच कुणाचं ॲप असेल तर त्याचाच आयकॉन तुमच्या टॅबवर येईल. अशा वेळी लिंक टॅग हा एकमेव भरवशाचा मार्ग, आणि त्यातला पत्ता उपपत्त्यासकट.

१०. सोडण्याआधीची तपासणी

कर्लला मोठ्या 'आय'चा पर्याय देऊन फक्त हेडर मागवा. तो हेड प्रकारची रिक्वेस्ट पाठवतो. एक्सप्रेस आणि फ्लास्क गेटच्या राउटवरून तिचंही उत्तर देतात. नोडमध्ये हाताने फक्त गेट तपासला असेल तर ती निसटते आणि तुम्हाला उगाच ४०४ दिसतो. बघायचं ते असं:

- स्टेटस २०० किंवा २०४ आहे (जँगोतला रिडायरेक्ट असेल तर ३०२, पण स्टॅटिक फाइलकडेच). ३०२ होऊन लॉगिनकडे जात नाही
- २०० असेल तर कंटेंट-टाइप चित्राचा आहे
- कॅशची मुदत आहे, 'सेट-कुकी' नाही
- पत्त्याला 'व्ही=२' जोडल्यावरही हेच उत्तर येतं
- खासगी विंडोमध्ये आतलं पान उघडून लॉगिन केल्यावर त्याच पानावर पोचता येतं

ॲप चालू झाल्यावर काही दिवसांनी लॉगमधले ४०४ पुन्हा चाळा. आयफोन असलेली माणसं येऊ लागली की 'ॲपल-टच-आयकॉन.पीएनजी' आणि 'ॲपल-टच-आयकॉन-प्रीकंपोज्ड.पीएनजी' या नावांच्या रिक्वेस्ट दिसू लागतात, कधी नावात १२०-गुणिले-१२० असा आकारही असतो. कुणी तुमच्या साइटवर हल्ला वगैरे करत नाहीये. सफारीचीही तशीच सवय आहे: लिंक टॅग नसला की तोही मुळाशी ठरावीक नावं शोधतो. १८० पिक्सेलची पीएनजी पहिल्या नावाने मुळाशी ठेवा, आणि उरलेल्या नावांना चौथ्या पायरीतल्याच जागेवरून, सेशनच्या आधी, साधा ४०४ द्या.